उतारावरचं घर : पायाच्या नोंदी

१६ जून २०२४

वही आजपासून सुरू. कुडाळ तालुक्यातलं आमचं गाव, वाटणीत बाबांच्या वाट्याला आलेला ५ गुंठ्यांचा तुकडा, म्हणजे ५,४४५ चौरस फूट. पूर्व-पश्चिम साधारण ९० फूट, दक्षिणोत्तर ६०. पश्चिमेला वर भरड (खडकाळ माळ), पूर्वेला खाली रस्ता. चालताना उतार जाणवत नाही, पण सोललेला नारळ सोडला की गडगडत रस्त्याकडे जातो. पश्चिम उंच नि पूर्व सखल, त्यामुळे वास्तुवाले आधीच खूश आहेत.

घर बैठं, ४० फूट बाय ३० फूट, चिऱ्याच्या (जांभा दगडाच्या ठोकळ्यांच्या) भिंती, वर मंगलोरी कौलं. आई आणि मी. आईचे गुडघे गेलेले आहेत, हे सगळ्यात वर लिहून ठेवते, कारण नकाशा काढताना तेच विसरायला होतं.

काकांना विचारलं, जागा आखायला कधी घेऊ? म्हणाले, "बाय गो, आधी पाणी बघ. घर काय, खंयय बांधतलंस. पाणी आपली वाट सोडूचा नाय." म्हणून या खेपेला नुसती छत्री घेऊन जागेवर उभी राहिले. पाऊस बरा झाला, पण जमिनीने सगळा पिऊन टाकला. काही दिसलं नाही. शेजारचा मुलगा लांबून बघत होता, त्याला वाटलं असेल मुंबईवाल्यांचं काहीतरी बिनसलंय.

८ जुलै २०२४

मी डोंबिवलीत, पाऊस गावाला. काल-आज तिकडे धो धो. काकांनी सत्तरीत छत्री सांभाळत जागेवर कळकाच्या काठ्या रोवल्या, जिथे जिथे पाणी धावत होतं तिथे. फोनवर फोटो आले. वरच्या वायव्य कोपऱ्यातून, गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, मोडलेल्या भगदाडातून पाणी आत येतं, तिरकं जागा कापतं आणि दक्षिणेच्या गडग्याला लागून पाणंदीत उतरतं. म्हणजे मी मनात जिथे स्वयंपाकघर बांधलं होतं, नेमकं त्यातून.

काठ्या काढू नका म्हणून सांगितलं.

१० सप्टेंबर २०२४

गणपतीत आले. काठ्या अजून उभ्या, एकीवर दोडक्याचा वेल चढलाय. सुतळीने काठ्या जोडल्या आणि कागदावर उतरवल्या. वाहणाऱ्या पाण्याचा पट्टा कुठेही पाच-सहा फुटांपेक्षा रुंद नाही, पण त्याने मधल्या भागात मातीला चर पाडलाय.

गडग्याचं भगदाड बुजवून टाकू का, असं काकांना विचारलं. नको म्हणाले. बुजवलं तर पाणी मागे तुंबणार, नि एक दिवस गडगा घेऊन खाली येणार. त्याला घराच्या वरच वळवायचं आणि होतं तिथेच, पाणंदीत सोडायचं. खालच्या बाजूला ज्यांचं माडाबागायत आहे त्यांच्याकडे एक थेंब जास्त गेला तर गावात राहणं कठीण.

१३ ऑक्टोबर २०२४

दसरा झाला, उघडीप आहे. आज मोजणी.

हत्यार म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकची ५० फूट नळी, त्यात पाणी (दोन्ही टोकांना ते एकाच पातळीला राहतं), आणि दोन पट्ट्या. पहिला तास नळीतले बुडबुडे काढण्यात गेला. एक बुडबुडा आत राहिला तरी दोन्ही टोकांचं पाणी खोटं बोलतं. नळी उन्हात पडली तर आणखी बुडबुडे धरतात, म्हणून दुपारचं काम बंद ठेवलं.

कायमची खूण काका फणसावर खिळा मारून करणार होते. मी विहिरीच्या कठड्याचा कोपरा धरला. तो त्यांच्या आजोबांच्या वेळचा, अजून तसूभर हललेला नाही. त्याला १०० फूट मानलं आणि बाकी सगळं त्यावरून. दर दहा फुटांवर खुंटी, उभ्या-आडव्या मिळून सत्तर वाचनं.

वरच्या कडेला ९८.६. तिथून २० फूट खाली आल्यावर ९७.०. पुढेही तसाच उतार, दर दहा फुटांना जेमतेम पाऊण फूट. मग ३८ फुटांवर एकदम फूटभर खाली, आणि तिथून सपाट! ९४.५, ९४.५, ९४.४, ९४.५, असं जवळजवळ रस्त्यापर्यंत, आणि शेवटच्या पाच फुटांत उभा बांध उतरून रस्ता.

मला फार बरं वाटलं. घर या सपाटीवर टाकायचं, उताराचा प्रश्नच मिटला. रात्री त्याच हिशोबाने नकाशा रंगवला, लांब बाजू उताराच्या दिशेने, ३८ व्या फुटापासून ७८ व्या फुटापर्यंत.

३ नोव्हेंबर २०२४

भाऊबीज. भाऊ आलाय, त्याला ओवाळून झाल्यावर कुदळ दिली. तीन खड्डे मारायचे होते, चार बाय चार फुटांचे, कडक लागेपर्यंत.

पहिला, वरच्या बाजूला १८ फुटांवर. एक फूट लाल माती, मग खडा, दीड फुटावर जांभा. पहार मारली की ठण्ण वाजते.

दुसरा, ४२ फुटांवर. वरची माती नाहीच. सरळ मुरूम, एक फुटावर कडक.

तिसरा, ८० फुटांवर, माझ्या लाडक्या सपाटीवर. कुदळ लोण्यात गेल्यासारखी जात होती. दोन फुटांवर काळसर थर, त्यात कुजलेली पानं, मुळं आणि वेफर्सचं एक रिकामं पाकीट. त्याच्या खाली लाल माती, मग शाडूसारखी पांढरट गुलाबी निसरडी माती, आणि पाच फुटांवर कडक.

पाकिटाने सगळं आठवलं. दोन वर्षांपूर्वी मीच जेसीबी लावला होता. जागा दिसायला बरी दिसावी म्हणून वरची थोडी खरवडून खाली ढकलली होती, आणि गावच्या रस्त्याचं काम चालू होतं त्यातली आठ डंपर माती फुकट मिळते म्हणून तीही टाकून घेतली होती. सपाटी निसर्गाची नव्हती, माझी होती. "मी तेव्हाच सांगललंय," काका म्हणाले. सांगितलं होतं की नाही ते आता कोण ठरवणार.

४ नोव्हेंबर २०२४

कुडाळहून इंजिनियर आले. वयाने तरुण, पण खड्ड्यात उतरणारे, वरून बघून जाणारे नव्हेत. तिसऱ्या खड्ड्याची काळी रेघ बोटाने दाखवून म्हणाले, "ताई, ही जुनी जमीन. हिच्या वरचं सगळं पाहुणं." टाकलेल्या मातीवर पाया नाही. ती दोन पावसाळे बसलीय हे खरं, पण कुणी थर देऊन, पाणी मारून, ठोकून टाकलेली नाही.

त्याहून महत्त्वाचं एक सांगितलं, ते इथे नीट लिहिते. घराचा अर्धा भाग जांभ्यावर नि अर्धा मातीवर गेला तर जांभ्यावरचा जागचा हलणार नाही आणि मातीवरचा इंच-दोन इंच बसेल. सगळं घर सारखं दोन इंच बसलं तर कुणाला कळतही नाही. निम्मंच बसलं की भिंत मधोमध, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी फाटते. उतारावरच्या घरांना तडे जातात ते बहुतेक असे. तिथे घर घसरत वगैरे नसतं.

पायाच्या भारतीय मानकात, आयएस १९०४ मध्ये, पाया जमिनीत किमान ५० सेंटिमीटर असावा असं आहे, आणि उतारावर खालच्या कडेपासून उताराच्या पृष्ठभागापर्यंत आडवं अंतर खडकात ६० सेंटिमीटर, मातीत ९० सेंटिमीटर तरी हवं. म्हणजे पायासमोर पुरेशी जमीन उरली पाहिजे. हे अंतर मोजताना माझी भरलेली माती धरायची नाही. ती उद्या वाहून गेली असं समजून मोजायचं.

त्यांच्याकडच्या ऑटो लेव्हलने माझ्या सत्तर वाचनांपैकी दहा तपासली. जास्तीत जास्त फरक एक इंच. नळीचा मान राहिला.

२४ नोव्हेंबर २०२४

निवडणूक झाली, ऑफिसला सुट्या नाहीत, त्यामुळे हे सगळं डोंबिवलीच्या जेवणाच्या टेबलावर. परवानगीचे कागद भाऊ बघतोय, त्याची फाइल वेगळी आणि त्याबद्दल इथे लिहिणार नाही, वही जळेल.

दोन बदल केले. दोन्ही कागदावर, दोन्ही फुकट.

एक, घर वळवलं. लांब बाजू उताराच्या दिशेने असेल तर ४० फुटांत ३.१ फूट उतार घराखाली येतो. तीच बाजू उताराला आडवी घातली तर घराखाली उताराची लांबी ३० फूट, आणि फरक २.३ फूट. दोन्ही बाजूंना दहा-दहा फूट सोडून ४० फूट बरोबर बसतात.

दोन, घर वर सरकवलं. आता ते २० व्या फुटापासून ५० व्या फुटापर्यंत. भरावाचा भाग साधारण ५२ व्या फुटाला सुरू होतो, म्हणजे घर पूर्ण मूळ जमिनीवर. सपाटीवर खळं (अंगण), तुळस आणि गाडी. खळं दोन इंच खचलं तर शेण-मातीने पुन्हा सारवता येतं.

जोत्याची उंची ठरवताना आई आडवी आली, आणि बरं झालं. इंजिनियरांचं म्हणणं, वरच्या बाजूला जोतं जमिनीपासून किमान दीड फूट हवं, कारण पाणी तिकडूनच येणार. म्हणजे ९७.० अधिक १.५, जोतं ९८.५ वर. मग पुढच्या बाजूला, जिथे जमीन ९४.५, तिथे ते चार फूट उंच. सात-आठ पायऱ्या! आई म्हणाली, "मला काय वर्षातून एकदा खाली उतरवणार आहात, गणपतीसारखं?"

मी आधी सुचवलं की घरच दोन पातळ्यांत करू, अर्धं दीड फूट खाली. भराव नऊ ब्रासनी (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) कमी झाला असता. पण मग आईला स्वयंपाकघरातून न्हाणीघरात जायला रोज पायऱ्या. रद्द.

शेवटी जुन्या घराने वाट दाखवली. आमच्या जुन्या घरात खळ्यातून पडवी एक टप्पा, पडवीतून ओटी दुसरा टप्पा. तसंच करायचं. पुढची आठ फूट रुंद पडवी सव्वा फूट खाली, ९७.२५ वर. खळ्यातून पडवीत पाच पायऱ्या, तिथे बसायला बाकडं, मग दोन पायऱ्या. बाकी घर सगळं एका पातळीवर. आणि मागच्या दाराला जमीन जेमतेम दीड फूट खाली असल्याने तिथे १८ फुटांचा उतरता रस्ता, बाराला एक या प्रमाणात. आई मागच्या दाराने येणार-जाणार. पुढचं दार पाहुण्यांना.

शोषखड्डा आग्नेय कोपऱ्यात, विहिरीपासून ५० फुटांहून बराच लांब आणि पायापासून २० फूट. सगळ्यात सखल कोपरा, त्यामुळे नळाला आपोआप उतार मिळतो. उतार एवढ्या एका कामाला तरी आपल्या बाजूने आहे.

१५ डिसेंबर २०२४

चिरेखाणीवर. इथला जांभा सगळीकडे सारखा नसतो. वरच्या थरातला टणक, जरा काळपट, जसजसं खाली जावं तसा मऊ नि पिवळा, आणि मधेमधे पांढऱ्या मातीच्या गाठी. गाठ असलेला चिरा भिंतीत चालवून घेता येतो. पायात नको. ओला झाला की ती माती सुटते नि चिऱ्याला भोक पडतं.

ताजा कापलेला चिरा हाताला ओलसर लागतो, नखाने खरवडतो. उघड्यावर वारा-ऊन खाऊन कडक होतो. याच गुणामुळे त्याचं नाव पडलं. फ्रान्सिस बुकानन याने मलबारात अंगडिपुरमला लोक जमिनीतून विटांसारखे ठोकळे कापून काढतात ते पाहिलं आणि १८०७ साली लॅटेराइट हा शब्द वापरला, लॅटिनमध्ये ‘लाटेर’ म्हणजे वीट. आमच्या खाणवाल्याला हे सांगितलं. त्याने विचारलं, "मग चिरे किती टाकू?"

माप १४ बाय ९ बाय ७ इंच. दोन चिरे घरी आणून रात्रभर पिंपात बुडवले. सकाळी खिळ्याने ओरखडले. एक ठीक, एकाचा कोपरा हातात आला. तो कुठल्या थरातला होता ते खाणीवर जाऊन दाखवलं. पायासाठी वरच्या थरातले वेगळे काढून ठेवायचं कबूल केलंय, दर चिऱ्यामागे तीन रुपये जास्त. आतल्या-बाहेरच्या मिळून सुमारे २१० फूट भिंती, सरासरी साडेचार फूट उंची, भिंत १४ इंची. हिशोब २,१६० चा येतो. फुटतूट धरून २,३५० सांगितले. आता आणून उघड्यावर रचून ठेवायचे, लावेपर्यंत वाळतील.

५ जानेवारी २०२५

सकाळी गाऱ्हाणं. पाच पानं, विडा, नारळ. काकांनी जागेच्या राखणदाराला घातलं, "बा देवा म्हाराजा, आज ह्या जाग्यार तुझी लेकरां घर बांधूक बसली हत, काय चूकभूल झाली आसात ती माफ कर, आणि हेंचा काम तडीस ने रे म्हाराजा!" आम्ही सगळे, "व्हय म्हाराजा!" विजापूरकडचे मेस्त्रीही आमच्यात सामील. त्यांना पहिल्या वेळेस शब्द कळला नाही, दुसऱ्या वेळेस सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच.

मग लाइन आउट. उतारावर आखताना एक फसगत होते. टेप जमिनीला टेकवून उतारावरून धरला तर तो ३० फूट दाखवतो, पण आडवं अंतर तेवढं नसतं. आमच्या सौम्य उतारात फरक एक इंचाचा, पण कर्णात आणि काटकोनात तो बोंबलतो. टेप आडवा ताणायचा आणि खालच्या टोकाला ओळंबा सोडायचा. काटकोन ३-४-५ ने, मोठा करून १२-१६-२०. दोन्ही कर्ण ५० फूट आले पाहिजेत. पहिल्यांदा एक ५० फूट २ इंच, दुसरा ४९ फूट ११. दोनदा खुंट्या हलवल्यावर अर्ध्या इंचात आलं.

खुंट्या पायाच्या रेषेपासून चार फूट बाहेर ठोकल्यात, नाहीतर खणताना त्याच उखडतात. फक्की मारली. पांढऱ्या रेषांत घर फारच लहान दिसतं. आईने रेषेवरून चालत जाऊन स्वयंपाकघरात उभं राहून पाहिलं आणि काही बोलली नाही.

१८ जानेवारी २०२५

खोदाई. आडव्या दोन मुख्य भिंती सोप्या, कारण त्या उताराला आडव्या जातात, तळ एकाच पातळीवर. उत्तर-दक्षिण टोकांच्या भिंती उतार उतरतात, तिथे खरं काम. वरच्या टोकाला पायाचा तळ ९५.२, खालच्या टोकाला ९१.५. तळ तिरका ठेवून चालत नाही, तिरक्या तळावर वजन सरकायला बघतं. म्हणून पायऱ्या.

किती उंचीच्या? मी ९ इंच म्हटलं होतं. इंजिनियरांनी साडेसात सांगितलं. चिरा ७ इंच, त्याखाली अर्धा इंच मसाला, म्हणजे एक पायरी बरोबर एका थराची. खालून येणारा थर वरच्या पायरीच्या थराला जाऊन आपसूक मिळतो, चिरा उभा कापावा लागत नाही. सहा पायऱ्या, प्रत्येकी पाच फूट लांब. प्रत्येक पायरीशी वरचं पीसीसी (बिनसळयांचं साधं काँक्रीट) खालच्या पीसीसीवर दीड फूट चढवायचं. तो जोड सुटा ठेवायचा नाही.

वायव्य कोपऱ्याजवळ जेसीबीने एक फूट जास्त खणलं. मेस्त्री म्हणाले, "अक्का, माती टाकून दाबतो की. काय होत नाही." होतं. खणलेली माती कधीच परत पायाखाली जायची नाही, हे इंजिनियरांनी पहिल्याच दिवशी बजावलंय. जास्तीचा खड्डा पीसीसीने भरून घेणार. सिमेंटच्या सहा गोणी वाढल्या, जेसीबीवाला हसून म्हणाला, "राहू द्या हो." त्याचं काय जातंय.

२ फेब्रुवारी २०२५

पीसीसी ओतलं. अडीच फूट रुंद, सहा इंच जाड. त्याआधी प्रत्येक पायरीचा तळ ओला करून पहारेने ठोकून पाहिला. दक्षिणेच्या भिंतीत तिसऱ्या पायरीला आवाज बद्द. उकरलं तर ती पांढरट माती, परातीएवढी गाठ. काढून टाकली. ती जागा बरोबर जुलैतल्या काठ्यांच्या रेषेवर आहे, नकाशा काढून पाहिला.

९ मार्च २०२५

जोतं अर्ध्याहून जास्त वर. तळाचे दोन थर दीड फुटी, दोन चिरे शेजारी शेजारी, त्यावर १४ इंची. पुढच्या बाजूची भिंत दीड फुटीच वरपर्यंत नेली, कारण तिच्यामागे सगळा भराव. ती नुसती भिंत नाही, धरणही आहे.

त्या भिंतीत तळाशी चार ठिकाणी दोन इंची पाइप घालायला सांगितले आहेत, मागे खडीची पिशवी. मला पटलं नाही. बांधाच्या भिंतीला पाणी झिरपायला भोकं ठेवतात ते कळतं. पण हे घराचं जोतं आहे, वर छप्पर येणार, आत पाणी कुठून? इंजिनियर म्हणाले, "ठेवा ताई, माझ्यासाठी." ठेवले.

मेस्त्री शिमग्याला गावी चालले, पाडवा करूनच येणार. म्हणजे तीन आठवडे गेले.

१२ एप्रिल २०२५

जोत्याचा बेल्ट, म्हणजे काँक्रीटचा पट्टा, ओतून झाला, चार सळया १० मिलिमीटरच्या, ८ मिलिमीटरच्या रिंगा सहा-सहा इंचांवर, सगळ्या भिंतींवरून सलग. कोपऱ्यात सळया वाकवून पुढच्या भिंतीत दीड फूट नेल्या आहेत. इथे कोपऱ्याला टोकाशी टोक लावून मोकळे होणारे बरेच आहेत. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आमच्याकडे भांडी पडली होती, हे काका दरवर्षी सांगतात. बेल्ट बघून त्यांनी ते आजही सांगितलं.

आता भराव. लागणार साधारण २४ ब्रास. माझ्या सपाटीची माती तिथेच पडलेली. काळा थर, मुळं, पाकिटं बाजूला काढून बाकीची मुरमाड माती उचलली. सहा ते आठ इंचांचा एक थर, पाणी, धुमसाने ठोकणं, मग दुसरा. दिवसाला दोन थरांच्या वर जायचं नाही. काका खुर्ची टाकून बसले होते. "फुकटची माती, शेवटाक कामाक इली."

वरच्या बाजूचा चर अजून खणलेला नाही. घरापासून सहा फूट वर, दीड फूट रुंद, दीड फूट खोल, शंभराला एक उतार देऊन दक्षिणेला पाणंदीत. तो सगळ्यात शेवटी, मेच्या अखेरीला, असं मी ठरवलंय. आधी खणला तर डंपरला वरून येता येत नाही. मृग ७-८ जूनला. वेळ आहे.

२१ मे २०२५

वेळ नव्हती. कालपासून तिकडे पाऊस कोसळतोय. वळवाचा असेल म्हणून सकाळपर्यंत वाट पाहिली. दुपारी काकांचा फोन, भगदाडातून पाणी आलं, जोत्याच्या मागच्या भिंतीला येऊन थडकलंय, आणि भिंतीला लागून दक्षिणेकडे वाहतंय. पायाच्या बाजूची भरलेली माती धुऊन चालली आहे. चर नाही.

जेसीबी मिळेना, सगळ्यांचीच धावपळ. काकांनी दोन गडी घेतले आणि भर पावसात हाताने चर खणायला घेतला. फक्कीच्या रेषा कधीच गेल्या होत्या, पण ती माझी काठ्यांची सुतळी गडग्याला बांधलेली होती, त्यावरून अंदाज घेतला. रात्री आठपर्यंत वीस फूट झालं. मी रात्रीच्या गाडीत, तिकीट नाही, बसायला दाराशी.

२६ मे २०२५

२४ तारखेला मान्सून केरळात, २५ ला देवगडपर्यंत, आज मुंबईत. मृगाची कोणी वाटच पाहिली नाही.

चर पूर्ण झाला, पाणी पाणंदीत वळलं. नुकसान, मागच्या भिंतीलगत सात-आठ फूट लांबीत पायाच्या बाहेरची माती एक फुटापर्यंत खाली गेली. पीसीसी उघडं पडलेलं नाही. ती जागा चिऱ्याच्या तुकड्यांनी नि मुरमाने ठोकून भरली.

आणि पाइप! छप्पर नसलेलं जोतं म्हणजे चार भिंतींचं तळं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. १०० मिलिमीटर पाऊस पडला तर १,२०० चौरस फुटांत अकरा हजार लिटर पाणी पडतं. थोडं वरून वाहून जातं, बाकीचं भरावात. तीन पाइपांतून लाल पाणी बोटभर धारेने खळ्यात येत होतं. चौथा कोरडा. भाऊ म्हणाला, तिकडे पाणी नसेल. सळई घातली तर आत सिमेंटचा गोळा, ओततानाच बसलेला. फोडला, आणि फस्सकन पाणी आलं, माझ्या साडीवर.

इंजिनियरांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "छप्पर झाल्यावर बुजवू हवे तर." बुजवणार नाही.

८ जून २०२५

विहिरीच्या कठड्यावरून पुन्हा नळी लावली. बेल्टवरची, मुख्य घराच्या चारही कोपऱ्यांची वाचनं, ९८.५, ९८.५, ९८.५, ९८.४९. पडवीची सव्वा फूट कमी आहेत, ती मुद्दाम तशी ठेवलेली आहेत. आतला भराव मात्र मधोमध अडीच इंच, कडेला एक इंच बसला. खळं चार इंच, आणि जिथे तिसरा खड्डा होता तिथे चांगली परडी बुडेल एवढं तळं.

भिंती आता गणपतीनंतर. तोपर्यंत जोत्याने पाऊस खाऊ दे. चराला चिऱ्याचं अस्तर करायचं राहिलंय, भगदाडाशी दगडी पायरी घालायची राहिली आहे. चराच्या तोंडाशी आई खुर्ची टाकून बसली होती, मागच्या बाजूला, जिथे तिचा रस्ता येणार आहे. पाणी किती वळतंय ते मोजत होती म्हणे, मिनिटाला किती पानं जातात त्यावरून. आज सत्तावीस.